आजीच्या चपलांचा शॉट काढून टाकायला लावला. मी येडा की गिऱ्हाईक?

मिक्सिंगवाला (पांढरकवड्याच्या बाजूचं गाव, जि. यवतमाळ)

रामराम मंडळी. इथं कॅमेऱ्याच्या किमती अन् लेन्सची भांडणं लय वाचली, माझा प्रश्न जरा वेगळा आहे. लांबलचक लिहून राहिलो, वेळ असेल तरच वाचा.

मी लग्नाचं शूटिंग करतो, २०११ पासून. आधी मामेभावाचा हँडीकॅम होता, मग सेकंडहँड डीएसएलआर घेतला. आता दोन बॉडी, एक गिंबल, एक ड्रोन अन् त्याचे हप्ते. अक्षय्य तृतीया ते मिरगापर्यंत घरचं जेवण माहीत नसते. बुंदीचा वास आला की पोटात कालवते. एडिटिंग मीच करतो, म्हणून गावात मला अजून मिक्सिंगवाला म्हणतात. तो व्हिडिओ मिक्सर कधीचा भंगारात गेला.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. हळदीच्या दिवशी सकाळी सहालाच नवरीच्या घरी पोचलो. आमच्याकडे मे मध्ये काय तो उजेड भेटते सहा ते साडेसात. मग असं ऊन पडते की कपाळ पांढरंफट्ट अन् डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे. घरचे सारे समोर मांडवाले डहाळ्या बांधून राहिले होते. मी मागच्या अंगणात गेलो तर नवरीची आजी एकटी बाजेवर बसली होती. बाजूला चपलांचं नवीन खोकं.

तिनं चपला काढल्या. पाय लुगड्यानं पुसले, चपला घातल्या अन् सारवलेल्या अंगणात तीन पावलं चालली. थांबली. खाली पायाकडे पाहिलं. मग पुन्हा बाजेवर येऊन चपला काढल्या, दोन्हीचे तळवे पदरानं पुसले, त्याच कागदात गुंडाळून खोक्यात ठेवल्या, खोक्याचं झाकण दोनदा दाबून पाहिलं, अन् अनवाणी घरात गेली. मी दारामागून फिफ्टी (५० एमएमची लेन्स) लावून घेतलं हे सगळं. सुरुवातीले फोकस हुकला आहे. ४१ सेकंद.

घरी येऊन तो क्लिप मी किती वेळा पाहिला असंल, बायकोला विचारा. फिल्ममध्ये ११ सेकंद टाकला. नवरीच्या भावानं पेनड्राइव्ह लावला अन् तिसऱ्या मिनिटाला थांबवून म्हणते, "भाऊ, हे काय भंगार टाकलं? बुढीच्या चपला कोण पाहते? इथं ड्रोन टाक ना." टाकला ड्रोन. पैसे पूर्ण भेटले, तक्रार काही नाही.

पण तेव्हापासून डोक्यात किडा वळवळून राहिला. हजार लग्नाचे क्लिप हार्ड डिस्कवर आहेत, त्यात असे सहा-सातच आहेत की ते घेताना मले स्वतःले बरं वाटलं. बाकीचं काम आहे. ते बरं वाटणं काय असते? अन् ते वाढवता येते का?

दुसरं. सिनेमा मी लहानपणापासून लय पाहिला, पण पाहता येते असं वाटत नाही. जत्रेत पडदा लागायचा तेव्हा पुढून जागा भेटत नव्हती, आम्ही पोट्टे पडद्याच्या मागं बसायचो. अक्षरं उलटी, हिरो डावऱ्या हातानं मारायचा. पुढं तालुक्याच्या टॉकीजमध्ये पाहिला. ती टॉकीज बंद पडली, आता तिथं लग्नाचा हॉल आहे अन् जिथं बाल्कनी होती तिथं उभा राहून मी टॉप अँगल घेतो. आता मोबाइलवर सिनेमा पाहायला बसलो की मी लेन्स कोणती, हा ड्रोन की क्रेन, एवढंच मोजतो. बायको बाजूला बसून रडते अन् मी म्हणतो, "बघ, मागून लाइट कसा मारला." ती म्हणते, तुमच्यासंगं सिनेमा पाहण्यापेक्षा एकटीनं तूर निवडलेली बरी.

कोणी शिकलेलं असंल तर सांगा, सिनेमा पाहायचा कसा.

---

ड्रोनवाला (दर्यापूर, जि. अमरावती)

भाऊ, खरं सांगू का, राग नोको मानू. बुढीच्या चपलेनं हप्ता भरल्या जात नाही. माझ्या इकडचे पोट्टे मोबाइलवरची तीस सेकंदाची रील दाखवतात अन् म्हणतात अस्संच पायजे. मी म्हणतो हाव. तुले समाधान पायजे तर देवळात जाय, कॅमेरा हे दुकान हाये.

बाकी ऊन डोक्यावर आल्यावर तोंडं खराब होतात ते खरं हाये. त्याहून खराब म्हणजे लाल कापडाचा मांडव. सारं वऱ्हाड भाजल्यासारखं दिसते, व्हाइट बॅलन्स किती बी फिरव, निघत नाही. मी मांडववाल्याले आधीच फोन करतो, बाप्पा, नवरीच्या डोक्यावर तरी पांढरं कापड लाव. अन् हॉलातले एलईडी चमकत असतील तर शटर ५० नाहीतर १०० वर ठेव, आपली लाइन ५० हर्ट्झची हाये. हे फुकट सांगून राहिलो.

---

पेन्शनर मास्तर (हिंगणघाट)

मिक्सिंगवाले भाऊ, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. उत्तर देण्याआधी एक विचारतो. त्या ४१ सेकंदांतले कोणते ११ तुम्ही फिल्ममध्ये ठेवले होते?

---

मिक्सिंगवाला

सर, ती चालते तेवढे. तीन पावलं. स्लो मोशन केलं होतं अन् खाली बासरी टाकली होती.

---

पेन्शनर मास्तर

मग गिऱ्हाइकाचं बरोबर आहे. ते भंगारच होतं.

रागावू नका, सांगतो. म्हातारी नव्या चपला घालून चालते, यात काय आहे? जाहिरात आहे. तुमचा शॉट चालण्यात नाही, चपला काढून तळवे पुसण्यात आहे. आणि झाकण दोनदा दाबण्यात. चपला आजच्या नाहीत, उद्याच्या आहेत, हे तिथं कळतं. तुम्ही नेमका तोच भाग कापला आणि उरलेल्यावर बासरी वाजवली. ती बासरी म्हणजे पाहणाऱ्याला चिमटा काढून ‘आता हळवे व्हा’ म्हणणं. ४१ सेकंद तसेच ठेवले असते आणि अंगणातला आवाज ठेवला असता, तर तो भाऊ तरीही ‘काढ’ म्हणाला असता कदाचित, पण भंगार म्हणाला नसता.

आता तुमचा दुसरा प्रश्न. मी गणिताचा मास्तर. १९९४ च्या उन्हाळ्यात पुण्याला रसास्वादाच्या वर्गाला गेलो होतो. फिल्म इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय मिळून घेतात तो. घरचे म्हणाले, सुट्टीत लोक काशीला जातात, हे सिनेमा पाहायला चालले. तिथं पहिला आठवडा माझं डोकंच दुखलं. एकच प्रसंग पुन्हा पुन्हा दाखवायचे. चौथ्यांदा पाहिल्यावर मला कथा दिसेनाशी झाली आणि दारं दिसायला लागली. कोण कोणत्या दारातून येतं, कोण दारातच थांबतं. सहाव्यांदा पाहताना आवाज ऐकू यायला लागले.

तिथून आणलेली एक सवय सांगतो, त्याला पैसे लागत नाहीत. आवडलेला एकच प्रसंग घ्या, पाच मिनिटांचा. एकदा सरळ पाहा. एकदा आवाज बंद करून. एकदा पडद्याकडे पाठ करून नुसता ऐका. मग वही घेऊन प्रत्येक शॉटला एक ओळ लिहा, काय दिसतं आणि किती सेकंद. लेन्स लिहायची नाही! तुमचं दुखणं तिथंच आहे. तुम्ही स्वयंपाक खाता खाता कढई किती लिटरची ते मोजता.

‘पथेर पांचाली’ पाहिला नसेल तर पाहा. त्यातलं काश नावाच्या गवताच्या पांढऱ्या तुऱ्यांचं रान सर्वांना आठवतं, भाऊबहीण आगगाडी पाहायला धावतात ते. सत्यजित राय तेव्हा जाहिरात कंपनीत नोकरीला, म्हणून चित्रण रविवारी. १९५२ च्या ऑक्टोबरात एका रविवारी त्या रानात थोडं काम झालं, पुढच्या रविवारी जाऊन पाहतात तर गुरांनी सगळं काश चरून टाकलेलं. थांबले मग वर्षभर, पुन्हा तुरे येईपर्यंत. कॅमेऱ्यामागे सुब्रत मित्र, जेमतेम विशीतले, त्याआधी सिनेमाचा कॅमेरा कधी चालवलेला नव्हता. फोकस तुमचाही हुकला म्हणता ना. हुकू द्या.

---

पडद्यामागे (वडसा, जि. गडचिरोली)

मास्तरांनी सुब्रत मित्रांचं नाव काढलं म्हणून लिहितो. दर्यापूरच्या दादांनी पांढऱ्या कापडाची जी युक्ती सांगितली ना, तीच त्यांची. रायांच्याच ‘अपराजितो’ मध्ये बनारसच्या वाड्याचं अंगण स्टुडिओत बांधलं होतं. खऱ्या वाड्यात उजेड वरच्या आभाळातून झिरपतो, सावली पडत नाही. स्टुडिओत दिवे लावले की सावल्याच सावल्या. मित्रांनी सेटच्या वर पांढरं कापड ताणलं आणि दिवे खालून त्या कापडावर मारले. उजेड परतून खाली आला. १९५६ चा सिनेमा. म्हणजे दर्यापूरचे दादा देवळात जा म्हणतात आणि स्वतः मात्र मांडववाल्याला फोन करून मित्रांचंच काम करतात 😀

मी झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या नाटकांना लाइट करतो. दिवाळी झाली की आमचा सीझन, रोज नवं गाव. दिवसा शंकरपट (बैलांची शर्यत), रात्री नाटक, पहाटेपर्यंत. मोबाइल चांगला घेतल्यापासून मी स्टेजचे फोटो काढायचो. हजारो असतील. सगळे एकसारखे. लाल दिवा, निळा दिवा, हिरोईन. नट मंडळी मागतात, पाठवतो. तुमच्या ड्रोनसारखंच.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत एका गावात डिमर, म्हणजे दिवे कमीजास्त करायचं यंत्र, बिघडला. मी तो घेऊन मंडपाच्या मागं उजेडात दुरुस्त करत बसलो. बाजूला भजेवाला. त्याची पाठ स्टेजकडे, तोंड कढईकडे. आणि त्याचे ओठ हलताहेत. नट पुढे जे बोलतो ते हा अर्धा सेकंद आधी बोलतो! भजी तेलात सोडतो, ‘आई, मी निर्दोष आहे’ म्हणतो, झारा फिरवतो. त्यानं ते नाटक कधी पाहिलंच नव्हतं, नुसतं ऐकलं होतं, गावोगाव कंपनीच्या मागं दुकान लावून. डिमर बाजूला ठेवून मी फोटो काढला. धूर आहे, तोंड अर्धं उघडं आहे, मागे लांब स्टेजचा एक चौकोन दिसतो पेटीएवढा. ग्रेन लय आहे. पण माझ्या सगळ्या फोटोंत तोच एक मला नाटकाचा फोटो वाटतो.

बरं वाटणं काय असतं ते मला सांगता येत नाही. एवढं सांगतो की त्या रात्री दुसऱ्या अंकाला लाइट उशिरा आला आणि मालकाच्या शिव्या खाल्ल्या.

---

पऱ्हाटी (आर्वीजवळ, जि. वर्धा)

मी फोटोवाली नाही, शेतकरीण आहे. पण हा धागा रात्री वाचला अन् झोप नाही आली, म्हणून लिहिते.

मुलानं सांगितलं की दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली कुंडीत वाटाणा लावून त्याची वाढ रोज थोडी थोडी चित्रित केली, महिनाभराहून जास्त, अन् ती फिल्म दाखवून पैसा उभा केला. म्हटलं वाटाणा काय, आपल्याकडे कापूस आहे. धुऱ्याजवळचं एक झाड धरलं. बाजूला काठी रोवली, काठीला खाच केली, खाचेत मोबाइल टेकवून रोज सकाळी निंदायला जायच्या आधी एक फोटो. पाते, म्हणजे कळी धरल्यापासून.

लग्न होऊन या शेतात २२ वर्षं झाली. कापसाचं फूल पहिल्या दिवशी पांढरट पिवळं असते अन् दुसऱ्या दिवशी गुलाबी होते, हे मले माहीत होतं. पण ते तेच फूल असते हे मी कधी पाहिलंच नव्हतं. मले वाटे पांढरी वेगळी, गुलाबी वेगळी. रोज शेकडो फुलांतून हात फिरतो, एकाकडे दोन दिवस कोण पाहते?

बोंड नुकतंच धरलं होतं. ३१ व्या दिवशी शेजाऱ्याची बकरी. गुरुजींच्या सिनेमाचं काश गुरांनी खाल्लं, माझी पऱ्हाटी बकरीनं. पुढच्या हंगामात पुन्हा.

आता मिक्सिंगवाल्या भाऊंना एक विचारायचं आहे. त्या आजीनं कोणी पाहत नाही असं समजून चपला घालून पाहिल्या. तुम्ही दारामागून घेतलं. सगळ्या गावासमोर पडद्यावर लावलं असतं तर तिले कसं वाटलं असतं? तिले दाखवला का तो?

---

मिक्सिंगवाला

ताई, तुमचा प्रश्न वाचून खरंच घाम फुटला. नव्हता दाखवला. डोक्यातच आलं नाही. पैसे देणारा भाऊ, म्हणून दाखवला त्याले.

---

ड्रोनवाला

बुढी गेल्यावर तोच भाऊ येईन पाय घासत तुझ्याकडे, क्लिप दे म्हणून. तेव्हा डबल पैसे घेजो.

---

मिक्सिंगवाला

दर्यापूरचे भाऊ, आजी ठणठणीत आहे, तुम्हा-आम्हाले पोचवून जाईन. काल जाऊन आलो, त्याचाच रिपोर्ट देतो.

मास्तरांनी सांगितलं तसं ४१ सेकंद पूर्ण ठेवलं, बासरी काढली. मागं कोंबडी ओरडते अन् समोरून कोणी तरी "सुतळी आण रे" म्हणते, ते तसंच राहू दिलं. लॅपटॉप नेला, मोबाइलवर आजीले दिसणार नाही म्हणून. ती सूप घेऊन बसली होती. मी आधी माफी मागितली की आजी, न विचारता घेतलं. म्हणे, "लाव तर खरं."

लावलं. मी तिच्या तोंडाकडे पाहून राहिलो. हसंल, लाजंल, रडंल, शिव्या देईन, काय ते. तिनं शेवटपर्यंत पाहिलं अन् म्हणे पुन्हा लाव. पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा बोट स्क्रीनला टेकवून म्हणते, "थांबव. हा पाहा माझा गडवा!"

बाजेच्या मागं, भिंतीच्या कोनाड्यात, पितळेचा गडवा, म्हणजे पाण्याचा लोटा. फोकसच्या बाहेर आहे, नुसता पिवळा गोळा. मी तो क्लिप इतक्या वेळा पाहिला, मले कधी दिसला नाही. तिच्या माहेरचा आहे अन् लग्नाच्या गर्दीत हरवला होता. वर्ष होत आलं, घरात त्याच्यावरून दोन सुना अन् एक व्याही यांचं बोलणं बंद आहे.

मग काय विचारता. आजीनं पोरांना हाका मारल्या. तोच भाऊ आला, ज्यानं भंगार म्हटलं होतं. "भाऊ, तुझ्याकडे सगळा कच्चा माल आहे ना अजून? सगळा दाखव. गडवा कोणी नेला ते पाहू." हार्ड डिस्क बॅगमध्येच होती.

रात्री आठला बसलो. घरचे नऊ, शेजारचे पाच-सहा. टीव्हीला जोडलं. ना गाणं, ना स्लो मोशन, ना कटिंग. जसं घेतलं तसं. पंगतीचा शॉट मी एका जागी कॅमेरा ठेवून १४ मिनिटं चालू ठेवला होता, स्वतः जेवून घ्यावं म्हणून. ते १४ मिनिटं त्या लोकांनी पापणी न हलवता पाहिले. कोण कुठून आलं, कोणाच्या हातात काय आहे, कोण उठून आत गेलं. "पुढं नोको घेऊ, पुढं नोको घेऊ" म्हणत होते. माझ्या कोणत्याही हायलाइटकडे आजवर कोणी असं पाहिलं नाही. मास्तर, वही तेवढी नव्हती त्यांच्याकडे.

मधात मोठी सून एकदम गप झाली. तिचे वडील पंगतीत वाढून राहिले होते, दिवाळीत वारले ते. मी पॉज करायला गेलो तर म्हणे चालू राहू द्या. वडील वरण घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले, दोन मिनिटं लागले असतील. गडव्याचा विषय तेवढ्यापुरता कोणी काढला नाही.

साडेअकराला सापडला. हळदीच्या दुसऱ्या कार्डवर. नवरीचा काका, म्हणजे ज्यानं व्याह्यांवर आळ घेतला होता तोच, गडवा घेऊन बोअरवर पाय धुवायला चालला आहे. येताना हात मोकळे. काका तिथंच बसले होते. म्हणाले, "लाइट आली-गेली असंल, नीट दिसत नाही." दोन पोट्टे टॉर्च घेऊन तसेच बोअरकडे पळाले.

निघताना मी आजीले विचारलं, चपला घातल्या का मग लग्नात?

"एक डाव घातल्या," म्हणे, "चावतात."